पाचवीची वही

या महिन्याचा पत्रांचा गठ्ठा उघडला आणि लक्षात आलं की सगळी पत्रं एकाच गोष्टीभोवती फिरतायत. गेल्या अंकात मी ओझरतं लिहिलं होतं की बाळंतपणात किंवा त्याच्या आधी काही भयंकर घडलेलं असेल तर लिहून काढण्याची एक उपचारपद्धत आहे. दोनच ओळी होत्या त्या, पण त्यावर एवढ्या जणी लिहितील असं वाटलं नव्हतं. काही पत्रं सविस्तर आहेत, काही दोन ओळींची. ओळख पटेल असे तपशील बदललेत.

प्रश्न : ताई, मी 21 वर्षांची आहे, सासर सांगली जिल्ह्यात. सात महिन्यांपूर्वी पहिलं बाळंतपण झालं. कळा सुरू झाल्यावर दवाखान्यात नेलं, तिथे आत कुणालाच येऊ दिलं नाही, आई बाहेर बसून होती. मी ओरडले तर एका बाईने मांडीवर चापट मारली आणि म्हणाली तेव्हा नाही ओरडलीस, आता कशाला ओरडतेस. मग एकदम धावपळ, सह्या, बाळाचे ठोके कमी झालेत म्हणाले आणि सिझर. बाळ छान आहे आता, गुटगुटीत आहे, पण मला अजून रात्री तो हिरवा पडदा दिसतो. सासूबाई फरशीला फिनेल लावतात तेव्हा मला मळमळतं आणि हातपाय गार पडतात. नणंदेला दिवस गेलेत, तिच्या डोहाळजेवणाला मी डोकं दुखतंय सांगून गेलेच नाही. मैत्रीण म्हणते डायरी लिही. पाचवीला सटवाईसाठी कोरी वही आणि पेन ठेवलं होतं ना, ती वही तशीच पडून होती, तीच घेतली आणि दोनदा लिहिलं, पण आमचं घर दोन खोल्यांचं, वही ठेवू कुठे? सासूबाईंनी वाचलं तर? आणि लिहून खरंच काही होतं का?

अगं, आधी हे सांगते की तुला जे होतंय त्याला नाव आहे आणि ते "कौतुक करून घेणं" नाहीये. घडून गेलेलं पुन्हा पुन्हा डोळ्यांपुढे येणं, त्याची आठवण करून देणाऱ्या वासापासून, माणसांपासून, कार्यक्रमांपासून पळणं, अंग सतत दचकायला टपलेलं असणं, हे सगळं महिनाभरानंतरही चालू राहिलं तर त्याला आघातानंतरचा ताण म्हणतात, डॉक्टर पीटीएसडी म्हणतील. लोकांना वाटतं हे सैनिकांना होतं. बाळंतपणानंतरही होतं, आणि बाळ सुखरूप असलं तरी होतं. "बाळ चांगलंय ना, मग झालं तर" हे वाक्य तुला किमान पन्नास जणांनी ऐकवलं असेल, त्यानेच बायका गप्प बसतात.

आता लिहिण्याबद्दल. डायरी आणि ही पद्धत यात फरक आहे. डायरीत आपण काय लिहितो, आज खूप वाईट वाटलं, कुणी समजून घेत नाही, माझंच नशीब असं. रोज तेच. त्याने मन हलकं होईलच असं नाही, कधी कधी तीच चाकोरी अजून खोल होते. 1986 साली अमेरिकेत जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील या दोघांनी 46 कॉलेजच्या मुलामुलींना चार दिवस लागोपाठ, रोज 15 मिनिटं लिहायला बसवलं. काहींना साधा विषय दिला, काहींना आयुष्यातली सगळ्यात त्रासाची घटना. ज्यांनी घटना पण लिहिली आणि तेव्हाच्या भावना पण लिहिल्या ते लिहून झाल्या झाल्या जास्तच उदास होते (हे लक्षात ठेव, पुढे कामाला येईल), पण पुढच्या सहा महिन्यांत कॉलेजच्या दवाखान्यात त्यांच्या चकरा कमी झाल्या. तिथून हा विषय सुरू झाला.

पण तुला जे होतंय त्यासाठी त्याच्या पुढची एक पद्धत आहे, रिटन एक्स्पोजर थेरपी, बोस्टनच्या डेनिस स्लोन आणि ब्रायन मार्क्स यांनी बसवलेली. पाच भेटी. पहिल्या भेटीत समजावून सांगतात की आघाताची आठवण टाळत राहिलं की ती विझत नाही, उलट टिकते, म्हणून आपण तिच्याकडे ठरवून, सुरक्षित जागी बसून, थोडा वेळ बघायचं. मग 30 मिनिटं हाताने लिहायचं, एकच घटना, तुझ्या बाबतीत ती लेबर रूम. लिहिताना थेरपिस्ट मधे बोलत नाही. लिहून झालं की थोडं बोलायचं, कसं गेलं, आणि घरी जायचं. गृहपाठ नाही. आठवडाभर विचार आले तर येऊ द्यायचे, ढकलायचे नाहीत, एवढंच.

आणि आता तुझ्या खऱ्या प्रश्नाचं उत्तर, वही कुठे ठेवू. ठेवायचीच नाही. या पद्धतीत लिहिलेली पानं थेरपिस्टकडेच राहतात, ती पुढच्या भेटीपर्यंत वाचते आणि सांगते की इथे तू भरभर पळालीस, इथे अजून थांब. घरात एक कागद येत नाही. मला तर वाटतं आपल्याकडच्या दोन खोल्यांच्या घरांसाठीच कुणीतरी हे बनवलंय, बोस्टनवाल्यांच्या डोक्यात तसं काही नसणार ही गोष्ट वेगळी.

तू पत्रासोबत वहीच्या पानाचा फोटो पाठवलास म्हणून त्यातलंच दाखवते. पहिल्या दिवशी तू लिहिलंयस, "मला तिथे खूप वाईट वागणूक मिळाली, मी ते कधीच विसरणार नाही." हे खरंय, पण हे निकालपत्र झालं, घटना नाही. दुसऱ्या दिवशी मधेच एक ओळ आहे, "पडद्याला वरून तीन कड्या निसटलेल्या होत्या आणि मी त्याच मोजत होते, एक दोन तीन, एक दोन तीन." ही ती ओळ. इथे तू खरंच त्या टेबलावर होतीस. असंच लिहायचं असतं, काय दिसलं, कसला वास होता, कोण काय म्हणालं, तुझ्या मनात तेव्हा काय आलं, पण आज मागे वळून बघतेय अशा बेताने. शुद्धलेखन बघायचं नाही, अक्षर बघायचं नाही, कुणी मार्क देणार नाहीये. अर्ध्या तासाआधी संपलं तर सुरुवातीपासून पुन्हा.

तिसऱ्या भेटीपासून सगळ्यात कठीण भागावर जास्त थांबायचं आणि या घटनेने तुझं आयुष्य, तुझ्याबद्दलचं तुझं मत कसं बदललं हेही लिहायचं. माझा अंदाज सांगू? तुझ्या पत्रात एक वाक्य तू लिहून खोडलंयस, पण वाचता येतंय, "मी नीट जोर दिला असता तर". त्या खोडलेल्या वाक्यावर तुला कधीतरी यावं लागेल.

खरंच काही होतं का, तर हो. 2018 मधे या पद्धतीची बारा भेटींच्या दुसऱ्या एका नावाजलेल्या थेरपीशी 126 लोकांवर तुलना झाली. पाच भेटींचा फायदा बारा भेटींपेक्षा कमी ठरला नाही, आणि मधेच सोडून जाणारे इकडे 100 पैकी 6 होते, तिकडे जवळपास 40. ओल्या बाळंतिणीला हा दुसरा आकडा जास्त महत्त्वाचा, कारण बारा वेळा तालुक्याला कोण नेणार?

आता काय कर. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो, तिथे क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला भेटायचंय असं सांग. या थेरपीचं नाव तिथे कुणाला माहीत नसलं तरी घाबरू नकोस, "आघातावर काम करायचंय, लिहून करायचंय" एवढं म्हण. 14416 हा टेलिमानसचा, म्हणजे मानसिक त्रासासाठीच्या हेल्पलाइनचा सरकारी नंबर आहे, 2022 पासून सुरू आहे, फुकट आहे, चोवीस तास आहे, मराठीत बोलतात, जवळ कोण आहे ते तिथेही विचारता येतं. आणि चापट मारणाऱ्या बाईबद्दल, ते चुकीचंच होतं. सरकारी दवाखान्यांच्या लेबर रूमसाठी 2017 पासून लक्ष्य नावाचा कार्यक्रम आहे, त्यात बाळंतिणीशी सन्मानाने वागणं आणि सोबतीला तिचं माणूस असू देणं हे लिहिलेलं आहे. तक्रार करायची असेल तर जरूर कर, पण ती वेगळ्या कागदावर. तक्रारीच्या कागदात नीटनेटकं लिहावं लागतं, थेरपीच्या कागदात नीटनेटकं लिहिलं की काम फसतं.

प्रश्न : हाताने लिहायचं की मोबाईलवर चालेल? मला मराठी टाईप करायला फास्ट जमतं आणि मधे मधे इंग्लिश शब्द येतातच. (वय 23, ठाणे)

थेरपीत हातानेच लिहायला सांगतात. हात हळू चालतो, त्यामुळे मनाला पळता येत नाही. घरी स्वतःपुरतं लिहिताना मोबाईल चालेल, पण नोटिफिकेशन बंद, आणि फॅमिली ग्रुपला चुकून फॉरवर्ड होणार नाही अशा ठिकाणी. भाषा जी येईल ती. शिव्या आल्या तर शिव्या.

प्रश्न : मी 24, पुण्यात आयटीमधे आहे. मागच्या वर्षी आठव्या महिन्यात बाळ पोटातच गेलं. आता पुन्हा पाचवा महिना चालू आहे. प्रत्येक सोनोग्राफीच्या आदल्या रात्री मला झोप येत नाही, त्या दिवशीचा डॉक्टरांचा चेहरा दिसतो, स्क्रीन माझ्याकडून वळवली होती त्यांनी. काउन्सिलरने लिहिण्याची थेरपी सुचवली. पण आई आणि सासूबाई दोघीही म्हणतात आत्ता वाईट आठवायचं नाही, बाळावर परिणाम होतो, गर्भसंस्काराची पुस्तकं वाच, चांगले विचार कर. मी रडले की लगेच त्या घाबरतात. खरंच परिणाम होतो का हो?

तुझ्या आईचं आणि सासूबाईंचं चुकतंय असं मी म्हणणार नाही, त्यांनीही ते बाळ गमावलंय, फक्त त्यांच्यासाठी रडायला कुणी जागाच ठेवली नाही. पण एक हिशेब मांडून बघ. वाईट आठवायचं नाही असं ठरवल्यामुळे तुला आठवत नाहीये का? दर महिन्याला सोनोग्राफीच्या आदल्या रात्री तू ते आठवतेसच, आणि तेही रात्री दोन वाजता, एकटी, छातीत धडधड होत. थेरपीत तेच दिवसा, बसून, कुणाच्या तरी सोबतीने अर्धा तास होईल. आठवण आहेच, फक्त तिची वेळ आणि जागा तू ठरवणार आहेस.

बाळावरच्या परिणामाची काळजी करायची तर ती महिनोन्‌महिने चालणाऱ्या, उपचार न केलेल्या ताणाची करायला हवी. त्याने झोप जाते, जेवण जातं, तपासण्या टाळल्या जातात, वेळेआधी बाळंतपण होण्याशीही त्याचा संबंध दिसलेला आहे. अर्धा तास लिहिताना डोळ्यांतून पाणी आलं तर त्याने बाळाला इजा होत नाही. बोस्टनमधेच गरोदर बायकांवर ही पद्धत वापरली गेलीय, आणि त्या बायका तुझ्याहून कठीण अवस्थेत होत्या, आघात होताच, वर नशेचं व्यसन. त्यांच्या गरोदरपणाच्या तपासण्यांच्या सोबतच या भेटी ठेवल्या होत्या. अभ्यास छोटा होता, पण गरोदर बाईला हे झेपतच नाही हा समज तिथे गळून पडला.

काही गोष्टी मात्र सांभाळ. भेटी सोनोग्राफीच्या आदल्या दिवशी ठेवू नकोस, मधल्या आठवड्यात ठेव. तुझ्या स्त्रीरोगतज्ज्ञांना सांग की मी असं करतेय, आणि तेवढ्यातच हेही सांग की स्क्रीन माझ्याकडून वळवू नका, काही असलं तर आधी सांगा मग गप्प व्हा. ही मागणी करायला तुला कुठल्याही थेरपीची गरज नाही, ही उद्याच कर. आणि पहिले दोन दिवस लिहिल्यावर जास्त वाईट वाटेल, त्या संध्याकाळी आईला म्हण आज मी रडणारे, तू घाबरू नकोस, फक्त बस जवळ.

गर्भसंस्काराचं म्हणशील तर ऐक की गाणी, वाच की पुस्तकं, छान आहे ते. पण चांगले विचार ही सक्ती झाली की आणखी एक परीक्षा होते आणि नापास होण्याची भीती वेगळीच. गेलेल्या बाळाचं नाव ठरवलं होतंत का? ठरवलं असेल तर लिहिताना ते नाव वापर. सर्वनामाआड लपू नकोस.

प्रश्न : मॅडम, माझी बायको 22 वर्षांची आहे, बाळ चार महिन्यांचं. ती रात्री काहीतरी लिहीत असते. मी एकदा ती वही वाचली. त्यात माझ्याबद्दल लिहिलंय की त्या दिवशी मी हॉस्पिटलबाहेर फोनवर हसत बोलत होतो. मी ऑफिसला कळवत होतो हो. मी तिला स्पष्टीकरण देऊ का?

नाही. आधी वही वाचली हे सांगा. लपवलंत तर ती जे लिहायचं थांबवेल ते पुन्हा सुरू होणार नाही.

आणि स्पष्टीकरण ठेवा खिशात. तिने आरोपपत्र लिहिलेलं नाही, त्या दिवशी काचेच्या दारातून तिला जे दिसलं ते लिहिलंय, आणि दिसलं ते खरंच होतं, तुम्ही हसत होतात. "मी तुझी वही वाचली, चुकलं माझं, परत वाचणार नाही. तू आत होतीस तेव्हा मी हसत होतो हे तुला दिसलं हे वाचून मला कसंतरी झालं." एवढंच बोला आणि पुढचं तिला बोलू द्या. ऑफिसचा फोन होता हे ती विचारेल तेव्हा सांगा. शिवाय एक सुचवते, रात्रीचा एक फीड तुम्ही घ्या, काढून ठेवलेलं दूध किंवा डॉक्टरांनी सांगितलेलं जे असेल ते. झोपेशिवाय लिहिलेलं सगळं काळंच दिसतं.

प्रश्न : ताई, वय 20, दीड महिन्याचं बाळ. तुमचा मागचा अंक वाचून मी घरीच लिहायला सुरुवात केली, लहानपणी माझ्यासोबत जे झालं होतं ते. बाळंतपणात तपासणी करताना ते सगळं वर आलं. तीन दिवस लिहिलं आणि आता मला झोपच येत नाही, बाळाला अंघोळ घालताना डोक्यात येतं की हे माझ्या हातून पडेल, मीच टाकेन. काल वाटलं मी नसलेलीच बरी. थांबवू का लिहिणं?

हो, आज थांबव. तुला मी वैयक्तिक उत्तर लगेच पाठवलंय, आपलं बोलणंही झालंय, तुझ्या परवानगीने इथे छापतेय कारण असं दुसऱ्या कुणाला होत असेल तर तिला हे वाचायला हवं. आणि चूक माझी पण आहे, मागच्या अंकात मी दोन ओळीत आटोपलं आणि कुणी एकटीने करू नये हे लिहिलंच नाही.

लहानपणीचा अत्याचार हा घरी एकटीने, दीड महिन्याच्या बाळंतिणीने, रात्री लिहायचा विषय नाही. लिहिल्यावर दोन-तीन दिवस उदास वाटणं हे अपेक्षित असतं, पण झोप उडणं आणि "मी नसलेलीच बरी" हे त्याच्या पलीकडचं आहे. असं वाटलं की लिहिणं बंद, घरातल्या एका माणसाला स्पष्ट शब्दांत सांगायचं, 14416 ला फोन, आणि त्याच दिवशी डॉक्टर. धोका अगदी समोर असेल तर 112 किंवा सरळ जवळचं हॉस्पिटल, अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही.

बाळाबद्दल जे विचार येतात त्यावर थोडं सविस्तर लिहिते, कारण याची लाज वाटून बायका मरतील पण बोलणार नाहीत. हातून पडेल, खिडकीतून जाईल, सुरी दिसली की भलतंच डोक्यात येईल, असे नकोसे विचार खूप आयांना येतात, आणि त्या विचाराने ती आई हादरते, बाळाला जास्तच जपते. तुझं तसं आहे असं तुझ्याशी बोलून वाटलं, तरी ते पारखायचं काम डॉक्टरांचं. वेगळं आणि तातडीचं काय असतं, तर बाळंतपणानंतर पहिल्या काही दिवसांत-आठवड्यांत बाई दोन दोन रात्री झोपत नाही आणि तरी तिला थकवा वाटत नाही, भास होतात, आवाज येतात, घरच्यांवर विचित्र संशय येतो, बाळात काहीतरी वेगळं आहे असं ठाम वाटतं. हजार बाळंतपणांत एक-दोनदाच होतं, पण झालं तर ती इमर्जन्सी आहे, बाहेरची बाधा नाही. अंगारा नंतर लावा, आधी हॉस्पिटल. औषधाने बाई बरी होते.

डॉक्टर कदाचित तुला दहा प्रश्नांचा एक कागद देतील, एडिनबरोची प्रश्नावली म्हणतात, 1987 ची आहे, मराठीतही आहे, गेल्या सात दिवसांत कसं वाटलं ते विचारते. दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याबद्दल आहे. तिथे खरं लिही. चांगल्या सुनेने द्यायचं उत्तर देऊ नकोस. आणि तू एकटी नाहीस, भारतातले 38 अभ्यास एकत्र करून 2017 मधे जो हिशेब निघाला त्यात बाळंतपणानंतर साधारण 22 टक्के बायकांना डिप्रेशन दिसलं होतं, म्हणजे पाचातली एक.

लिहिण्याची पद्धत तुझ्यासाठी बंद झाली असं नाही. झोप परत आली, औषध लागलं तर ते सुरू झालं, समोर बसणारं माणूस मिळालं, की तेव्हा बघू.

प्रश्न : मग ज्यांना एवढा त्रास नाही त्यांनी लिहिलं तर? सगळ्याच बाळंतिणींना दवाखान्यातच वही दिली तर किती छान! (वय 26, नाशिक)

कल्पना गोड आहे आणि करूनही बघितलीय. इटलीत बाळंतपणानंतर पहिल्याच दिवसांत बायकांना लिहायला दिलं, तीन महिन्यांनी त्यांच्यात ताणाची लक्षणं कमी दिसली. स्वित्झर्लंडमधे खूप लवकर जन्मलेल्या बाळांच्या आयांनाही फायदा दिसला. पण इंग्लंडमधे 850 च्या वर बायकांचा अभ्यास झाला, त्यातल्या एका गटाला, त्रास असो नसो, सरसकट घरी लिहायला सांगितलं तेव्हा फारसा काही फरक पडला नाही, आणि बऱ्याच जणींनी लिहिलंच नाही. मला यात आश्चर्य वाटत नाही. माझ्या स्वतःच्या बाळंतपणानंतर मी मोठ्या उत्साहाने वही घेतली होती, त्यात तीन ओळी आहेत आणि त्यातली एक अळीव आणि डिंकाच्या वजनाची आहे. ज्याला जखम नाही त्याला मलम कशाला. हौसेने लिहायचं तर लिहा, बाळाचा पहिला दात, पहिलं हसू, पण तो उपचार म्हणून गळ्यात बांधू नका. आणि ज्याला खरंच आघाताचा आजार झालाय तिच्या हातात नुसती वही देऊन मोकळंही होऊ नका.

प्रश्न : मी आशा वर्कर आहे, मराठवाड्यात. माझ्या गावात एक मुलगी आहे, 17 वर्षांची, लग्न झालेलं, सातवा महिना. सातवीनंतर शाळा सुटली. कुणाशी बोलत नाही, घरात कुणी मोठ्याने बोललं तरी दचकते. तिच्याकडून लिहून घेऊ का? माझ्यावर तिचा विश्वास आहे.

ताई, तुमच्यावर विश्वास आहे म्हणूनच आधी थांबा. तिने तुमच्याकडे काही लिहून दिलं आणि नंतर तिला कळलं की हे तुम्हाला पुढे कळवावं लागतं, तर तो विश्वास तिथेच संपेल. मुलगी 18 च्या आतली आहे. पोक्सो, म्हणजे 18 च्या आतल्या मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा, त्यात लग्न झालेलं असणं ही पळवाट नाही, आणि ज्याला कळलं त्याने कळवणं बंधनकारक आहे. म्हणून पेन हातात देण्याआधी तिला साध्या भाषेत सांगा की तुझं सगळं मी पोटात ठेवेन असं वचन मी देऊ शकत नाही, पण जे करीन ते तुला सांगून करीन. मला माहितीय, गावात राहून, त्याच घरांत रोज जाऊन हे करणं सोपं नाही. म्हणून एकट्याने करू नका, तुमच्या गटप्रवर्तक आणि मेडिकल ऑफिसरना सोबत घ्या, 1098 या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवर बोला, बालकल्याण समितीपर्यंत ते पोचवतात. असं घर एखादंच नाही हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहितीय, 2019-21 च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातल्या 20 ते 24 वयाच्या बायकांपैकी जवळपास 22 टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं.

उपचाराचं बघायचं तर ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात किशोरवयीन मुलांसाठी मैत्री क्लिनिक असतं, तिथे काउन्सिलर भेटते. पुढे लिहिण्याची थेरपी सुरू झालीच तर सातवी शिकलेली मुलगी लिहू शकते. ती घरात जी बोली बोलते त्यातच लिहायचं, "व्हतं", "गेल्ती", जसं तोंडात येईल तसं, पुस्तकी मराठीत लिहायला लावलं की पोरगी शाळेतल्या बाकावर जाऊन बसते आणि बाईंना आवडेल ते लिहिते. लिहिणं अजिबात जमत नसेल तर तोंडी सांगण्याच्या थेरपी आहेत, त्यात कमीपणा काही नाही.

तुम्ही काय करा? तपासणीला सोबत जा, आत थांबा. हात लावायच्या आधी "आता पोटाला हात लावते हं" असं सिस्टरना म्हणायला सांगा. नुसतं दार लोटून घेतलं तरी तिला फरक पडेल. हे लिहिण्यापेक्षा आधी हवंय तिला.

प्रश्न : सगळं पटलं, पण बाळ तीस मिनिटं झोपत नाही हो! कधी लिहू? (वय 19, कोल्हापूर)

सेशनला जाण्याआधी पाजून घे, आई किंवा बहिणीला सोबत ने आणि बाळ तिच्याकडे दे, पण तिला बाहेरच्या बाकावर बसव, दारात नको, कारण रडण्याचा आवाज आला की पान्हा फुटतो आणि लिहिणं राहतं बाजूला. तरीही आवाज आलाच तर उठ, पाज, परत येऊन बस. थेरपिस्टला हे पहिल्याच भेटीत सांगून ठेव म्हणजे तिने पुढची अपॉइंटमेंट लगेच लावून ठेवलेली नसेल. आणि ब्लाऊजच्या आत जुन्या सुती साडीची घडी ठेव, पान ओलं झालं की शाई पसरते.